नाव सांग, अक्का

सायलेन्सरची पुंगळी काढलेली पहिली मोटारसायकल बोळातनं फडफडत गेली की मी ओळखते, हंगाम सुरू झाला. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. शहराबाहेर उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या असतात, वारं फिरलं की गुऱ्हाळाचा गोड धुरकट वास घरात शिरतो, आणि आत, पेठापेठांत, फुटबॉल सुटलेला असतो. बाहेरच्या लोकांना हे पटत नाही. "कोल्हापूर म्हणजे कुस्ती ना हो?" असं विचारतात. कुस्ती आहेच की. पण कुस्तीत मातीत दोघंच उतरतात आणि बाकीचे बघतात. फुटबॉलला अख्खी पेठ उतरते. म्हातारे, पोरं, पानपट्टीवाला, रिक्षावाले, सगळे. हातात झेंडे, गळ्यात शिट्ट्या आणि तोंडात अशा शिव्या, की ऐकणाऱ्याच्या सात पिढ्यांची हजेरी लागते.

वक्तृत्व स्पर्धांचा हंगामही नेमका हाच. मी कॉलेजात मराठी शिकवते, आणि दर थंडीत पोरं-पोरी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात, "मॅडम, विषय कुठला घेऊ?" परवा श्रावणी आली. जयसिंगपूरहून रोज एसटीनं येते, अकरावीत आहे, आणि आवाज असा खणखणीत की माईकची गरज नाही. आयोजकांनी दिलेल्या विषयांमध्ये नेहमीचाच माल होता, 'मोबाईल शाप की वरदान' वगैरे. त्यातला 'खेळ आणि खिलाडूवृत्ती' तिनं उचलला होता.

"मॅडम, सुरुवातच धक्क्यानं करते. ते आपल्या इथं मॅचनंतर एका खेळाडूचा डोळा गेला होता ना, दगड लागून? तो किस्सा टाकते पहिल्याच मिनिटाला. परीक्षक हलतील बघा."

कुणाबद्दल बोलतेय हे तिला ठाऊक नव्हतं. तो खेळाडू माझा धाकटा भाऊ, रणजित. मी म्हटलं, "उद्या ये." ती गेली, आणि माझ्या समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली.

पहिल्या तासाला मी पोरांना एकच सांगते, की विषय शोधायच्या आधी समोर कोण बसलंय ते बघा. त्यांना काय ऐकायचंय, कशानं दुखतंय, कशानं हसू येतंय, हे ओळखा आणि मग तोंड उघडा. पोरं मान डोलावून लिहून घेतात. त्यांना वाटतं मी हे कुठल्या तरी पुस्तकातनं सांगतेय. हे मी ज्या संध्याकाळी शिकले, त्या संध्याकाळी माझ्या श्रोत्यांच्या हातात सळ्या होत्या.

पेठांची नावं घेत नाही. घेतली तर हे वाचूनही कुणीतरी खडा उचलेल, आणि मी वाढवून सांगत नाहीये. माझं माहेर एका पेठेत, सासर पलीकडच्या. मधे एकच रस्ता, तोही असा अरुंद की धारेची म्हैस आडवी उभी राहिली तर दोन्ही पेठांचा कारभार थांबतो. माझं लग्न ठरलं तेव्हा रणजित चार दिवस धड जेवला नव्हता. "अक्का, एवढं गाव पडलंय आणि तुला त्याच पेठेतला गावला व्हय?" त्याच्या लेखी मी लग्न करत नव्हते, संघ बदलत होते.

माहेरच्या पेठेचा फुटबॉल संघ तालमीचाच, पण त्या तालमीत मी आजवर पाऊल टाकलेलं नाही. मारुतीची तालीम, आत बायकांनी जायचं नाही असा रिवाज. पण कॉलेजात असताना मी वक्तृत्वात जिंकलेल्या सगळ्या ढाली मात्र आत होत्या, काचेच्या कपाटात, फुटबॉलच्या चषकांना खेटून. तालमीचे वस्ताद बापू स्वतः घरी येऊन मागून घेऊन गेले होते. "पेठंच्या पोरीनं जिकलंय म्हंजी तालमीचं हाय," म्हणाले. मी जाऊ शकत नव्हते, माझ्या ढाली जाऊ शकत होत्या. मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. आणि खरं सांगू का, बाहेरनं जाताना कपाटातली आपली ढाल चमकताना दिसली की बरंही वाटायचं.

ती मॅच होळीच्या सुमाराची. हवा तापलेली, भिंतींवर दोन्ही संघांचे रंग फासलेले. सकाळपासून शिट्ट्या ऐकून माझं डोकं उठलं होतं. सामना माहेर विरुद्ध सासर, म्हणून मी घरीच बसले होते. कुणाच्या बाजूनं ओरडणार? शेवटच्या मिनिटांत पंचांनी पेनल्टी दिली. ती बरोबर होती का यावरून आजही चहाच्या गाड्यावर एकमेकांच्या कॉलरी धरल्या जातात. रणजितनं ती मारली, गोल झाला, आणि हा पठ्ठ्या धावत गेला तो थेट माझ्या सासरच्या पेठेच्या गॅलरीसमोर. तिथं उभं राहून त्यानं मांडीवर शड्डू ठोकला.

आधी बाटल्या आल्या, मग चपला. मॅच संपली आणि भांडण रस्त्यावर आलं. रस्त्याचं काम चालू होतं, खडीचे ढीग जागोजागी तयारच होते. लाठ्या बसायला लागल्या, पळापळ झाली, गाड्या पडल्या, कुणाचं डोकं फुटलं, कुणाचे दात गेले. रणजित या सगळ्यातनं बाजूला, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होता. तोंडाला काचेचा ग्लास लावलेला. डावीकडनं दगड आला तो ग्लासवर, आणि ग्लास डोळ्यात.

दवाखान्यात पोचले तेव्हा नर्सनं त्याची जर्सी कात्रीनं कापून काढली होती. रसाचा आणि रक्ताचा एकच वास येत होता. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा वाचणार नाही. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्यातनंच ओरडली. तो आवाज माझ्या कानातनं जात नाही, आणि उसाचा रस आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. कुणी आग्रहानं ग्लास पुढं केला की मी उठून जाते. लोकांना वाटतं बाईला शुगर आहे.

आईसाठी पांघरूण न्यायला माझ्या घरी, सासरी आले, तर मागच्या मोरीत अमर हात धूत होता. अमर म्हणजे माझा धाकटा दीर. कबनूरला यंत्रमागावर नोकरी, आणि मॅचच्या दिवशी हमखास सुट्टी. हात धुऊन झाले होते, तरी तो धूतच होता.

"वहिनी, मी त्याच्यावर नेमून मारला न्हाई ओ," तो म्हणाला. "सगळी मारालती म्हणून मी बी भिरकावला. कुठं पडतोय म्हणून बघितलं, तर रणजित." आणि तिथंच मोरीत ओकला.

माझा हात शिवशिवला. असली एक ठेवून द्यावी की याचे कान आठवडाभर वाजत राहावेत. पण सासूबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. मी पांघरूण उचललं आणि परत दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी बापूंचा फोन आला. पोरं तालमीत जमलीत, कुणाचं ऐकेनात, अंधार पडायच्या आत रस्ता ओलांडून जायचं म्हणतायत. "पोरी, तुझ्या ढाली हितं कवाधरनं पडल्यात," बापू म्हणाले. "आज काय तरी बोल. तुझं ऐकतील." नवऱ्यानं मला गाडीवरनं कोपऱ्यापर्यंत सोडलं. पुढं यायला तयार नाही. म्हणाला, "मी आलो तर तू बोलायच्या आधीच विषय संपंल."

तालमीत पोरं मावत नव्हती. निम्मी आत लाल मातीत, निम्मी बाहेर रस्त्यावर. हॉकीच्या काठ्या, लोखंडी सळ्या, पोत्यात भरलेली खडी. आणि एकाच्या हातात ऊसतोडीचा कोयता. तो विक्रम होता, आमचा विक्या, रणजितचा जिवाभावाचा दोस्त आणि संघाचा गोलकीपर. मी उंबऱ्याच्या अलीकडं, पायरीवर उभी राहिले. कुणीतरी गणपतीतला माईक हातात दिला, आणि मी स्पर्धेत सुरू करायचे तशीच सुरू झाले.

"मित्रहो, सूड हे दुबळ्या माणसाचं शस्त्र असतं..."

पुढचं वाक्य तयार होतं. हात कुठं उचलायचा, कुठं थांबायचं, तेही अंगात मुरलेलं. पण मागनं आवाज आला, "ए अक्का, बास की! ढाल न्हाई मिळायची आज!" हशा पिकला. काठ्या हातात धरून हसणाऱ्या माणसांचं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि देव करो, परत ऐकायला न लागो.

विक्या पुढं आला. "भाषण नगं आम्हाला. नाव सांग, अक्का. तू तितंच ऱ्हातीस, तुला म्हाईत हाय कुणी मारला. एक नाव सांग, दुसऱ्या कुणाला हात लावत न्हाई, बजरंगाची आण."

"नाव सांग! नाव सांग!" सगळी तालीम ओरडायला लागली. सळ्या फरशीवर आपटत होत्या, पायरी पायाखाली हादरत होती.

वक्ता विषय निवडतो म्हणे! कसलं काय. त्या दिवशी माझा विषय माझ्या श्रोत्यांनी ठरवून ठेवला होता, आणि तो एका शब्दाचा होता. तो शब्द उच्चारला तर अमर उद्याची सकाळ बघणार नव्हता. गिळला तर ही पोरं दिसेल त्या दारात घुसणार होती, कुणाचं तरी पोर, कुणाचा तरी म्हातारा सापडणार होता. आणि मी शांततेवर बोलत होते! मला माझीच लाज वाटली. मग मी पहिल्यांदा नीट बघितलं. विक्याच्या शर्टाची गुंडी तुटलेली, डोळे रडून सुजलेले. आदली रात्रभर तो दवाखान्याच्या दारातनं हलला नव्हता. या प्रत्येकाला मी अंगणात रांगताना बघितलं होतं. काहीतरी फोडल्याशिवाय ही पोरं झोपणार नव्हती, आणि मी त्यांची अक्का होते, पेठेनं देऊन टाकलेली लेक. एवढंच काय ते माझ्या हातात होतं.

मी माईक खाली ठेवला. कॉलेजात मी 'आले-गेले' म्हणते. पेठेत आम्ही बायका 'आलो-गेलो'च म्हणतो. तेच तोंडात आलं.

"नाव पायजे व्हय? सांगतो. दगड माझ्या घरातनं आलाय."

सळ्या थांबल्या. "अमऱ्या," कुणीतरी पुटपुटलं.

"चला. मी फुडं हुतो. दार मीच उघडणार, त्याची कडी दुसऱ्या कुणाला निघत न्हाई. घर लहान हाय, मला तुडवल्याबिगर आत जायला वाट न्हाई. विक्या, कोयता घट धर. पयली मी."

"अक्का, तू बाजूला सर, तुझं काय..."

"मी न्हाई सरत! सरायचं असतं तर हितं कशाला आलो असतो? मग मी मरणार. आणि नांदत्या बाईच्या मड्यावर पयलं लुगडं माहेरचं पडतंय. व्हय का न्हाई, बापू?"

बापूंनी मान डोलावली.

"मग ते आणणार कोण? आई दवाखान्यात बसलीया. रणजितच्या तोंडाला पट्ट्या. म्हंजी तुम्हीच की रं आणणार! कोयता धुवायचा आणि त्याच हातानं दुकानात जाऊन माझं लुगडं निवडायचं. रंग आत्ताच सांगून ठेवतो, परत घोळ नगं. हिरवं आणा. मला हिरवं आवडतंय."

माझा आवाज तिथं फाटला. रडू नव्हतं ते, संताप होता, सगळ्यांवरचा. दगड मारणाऱ्यावर, शड्डू ठोकणाऱ्यावर, या काठ्यांवर, आणि मला पायरीवर उभं करून बोलायला लावणाऱ्या बापूंवरसुद्धा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मग विक्याच्या तोंडातनं गाड्याखाली पाय सापडलेल्या जनावरासारखा आवाज निघाला, तो गर्रकन वळला आणि त्यानं कोयता काचेच्या कपाटावर घातला.

काच खळाखळा खाली आली. चषक उडाले, ढाली पडल्या. मग सगळेच तुटून पडले. सळ्या, काठ्या, लाथा. माझं नाव कोरलेल्या त्या पितळी पट्ट्या, ते लाकूड, ते मखमली कापड, सगळ्याचा चुरा. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, फोडा, अजून फोडा, एक ठेवू नका. विक्याचा हात काचेनं मनगटापर्यंत फाटला, रक्त लाल मातीत ठिबकायला लागलं. तेव्हा कुठं कुणीतरी ओरडलं, "आरं फडकं आणा की!" आणि ज्यांनी सळ्या आणल्या होत्या तेच फडकं शोधायला पळाले. विक्याला रणजितच्याच दवाखान्यात नेलं. त्या संध्याकाळी रस्ता कुणी ओलांडला नाही.

सकाळी मी आणि नवऱ्यानं अमरला गाडीवर दोघांच्या मधे बसवून पोलीस ठाण्यात नेलं. त्यानं सगळं कबूल केलं. केस अजून चालू आहे, तारखा पडतात, तो जातो.

गावभर माझ्या भाषणाचं कौतुक झालं. मंडळं सत्काराला बोलवायला लागली, मी कुठंच गेले नाही. रणजितची पट्टी निघाली त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसले होते. तो छताकडं बघत म्हणाला, "लई भारी बोललीस म्हणं."

काढलेली पट्टी मी कागदात गुंडाळायला लागले.

"विषय माझा डोळा हुता, अक्का. मला इचारलंतंस?"

मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! मी जीव मुठीत धरून कोयत्यासमोर उभी राहिले, आणि हा परवानगी विचारतोय! वेळ कुठं होता, तू शुद्धीवर कुठं होतास, असं बरंच तोंडाशी आलं. पण एका डोळ्यानं तो माझ्याकडं बघत होता, आणि माझं सगळं वक्तृत्व तिथंच बसलं. त्यानंतर तो माझ्या घरी यायचा बंद झाला. फोन उचलायचा, "बरं हाय" म्हणायचा, ठेवायचा. त्या वर्षी भाऊबीजेला मी पाट मांडून, रांगोळी काढून बसले. निरांजनातलं तूप संपलं, वात जळून काळी झाली, तो आला नाही. पुढच्याही वर्षी आला नाही. सासूबाई म्हणाल्या, चंद्राला ओवाळ. मी ओवाळलं नाही. मला भाऊ आहे.

'उद्या ये' म्हटल्याप्रमाणं श्रावणी दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा मी तिला सांगितलं, "किस्सा घ्यायचा असेल तर ज्याचा आहे त्याला विचारून घे. संध्याकाळी मैदानावर लहान पोरांना शिकवत असतो. माझा भाऊ आहे तो."

ती पांढरी पडली. "मॅडम, सॉरी... ते चिडतील का हो?"

"शिव्या देईल. ऐकून घे."

ती गेली, शिव्या खाल्ल्या, आणि फुलून परत आली. म्हणाली, "ते म्हणाले, बोल बिनधास्त. पण मी शड्डू ठोकलता, ते बी सांग. ते गाळायचं न्हाई." मी तिच्याकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांत आम्हा कुणापुढं त्यानं त्या शड्डूचं नाव काढलं नव्हतं.

पण मला अगदीच नवल वाटलं असंही नाही, कारण याच दिवाळीत एक गोष्ट घडली होती. भाऊबीजेला मी दरवर्षीप्रमाणं पाट काढला, आणि दारावर थाप पडली. मी आत ताट भरत होते, म्हणून दार अमरनं उघडलं. उंबऱ्यात रणजित. दोघं एकमेकांकडं बघत उभे. मी ताट घेऊन बाहेर यायला आणि काडकन आवाज व्हायला एकच गाठ पडली. अमर भेलकांडत भिंतीवर आदळला, सासूबाई किंचाळल्या, नवरा ताडकन उठला. मी ओरडले, "कुणी मधे पडायचं न्हाई!"

रणजितनं हात झटकला. सावकाश चपला काढल्या. आत आला आणि म्हणाला, "पावणं, पाट कुटं मांडलाय?"

अमरनं एका हातानं गाल धरला होता. दुसऱ्या हातानं त्यानं पाट ओढून भिंतीपाशी मांडला. रणजित बसला. मी कुंकू लावलं, थोडं नाकावर सांडलं, ते त्यानं बोटानं पुसलं. मी ताट फिरवायला लागले. ज्योत त्याच्या डावीकडं गेली की त्याचा डोळा तिला शोधत राहायचा, आणि परत समोर आली की स्थिर व्हायचा.

"सावकाश फिरीव, अक्का," तो म्हणाला. "तिकडचं मला कायबी दिसत न्हाई."

अमर त्याच बाजूला उभा होता. गालावर पाची बोटं उठली होती. तो तसाच माझ्या मागनं फिरून उजवीकडं आला, आणि रणजितला दिसेल असा उभा राहिला.